१,००,००,००,००७ की ९९,८२,४४,३५३: मॉड कोणता घ्यायचा?

उत्तर अफाट मोठं येणार असेल तेव्हा प्रोग्रॅममध्ये त्याला एका मूळ संख्येने भागून फक्त बाकी ठेवतात; ती मूळ संख्या म्हणजे मॉड. प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या प्रश्नांत त्यासाठी या दोन संख्या सतत भेटतात. प्रश्नात मॉड दिलेला असेल तर तोच घ्यायचा. निवड तुमची असेल, तर संख्येतून १ वजा करा आणि उरलेल्याचे अवयव पाडा. खरा फरक तिथे दिसतो.

वरवर दोन्ही सारख्याच. दोन बाक्यांची बेरीज ३२ बिटांच्या इंटमध्ये (कमाल २,१४,७४,८३,६४७) मावते, गुणाकाराला मात्र ६४ बिट लागतात. गुणायच्या आधीच संख्येचा प्रकार (३२ वरून ६४ बिट) बदला. गुणून झाल्यावर बदलला तर आकडा आधीच बिघडलेला असतो.

पहिली ही सर्वात लहान दहा अंकी मूळ संख्या. एक वजा केल्यावर उरतं २ × ५०,००,००,००३, आणि हा दुसरा अवयवही मूळच. म्हणून ती 'सेफ प्राइम'. दुसरीतून एक गेला की ७ × १७ × (२ चा २३ वा घात). ही 'प्रॉथ' वर्गातली (विषम संख्या × २ चा त्याहून मोठा घात + १).

बहुपदींचा जलद गुणाकार (एनटीटी) यादीचे पुन्हापुन्हा दोन भाग करतो, त्यामुळे उरलेल्या संख्येला २ ने तितक्या वेळा भाग जावा लागतो. दुसरीत तो २३ वेळा जातो, म्हणजे ८३,८८,६०८ लांबीपर्यंत काम चालतं. प्रिमिटिव्ह रूट (जिच्या घातांतून शून्य सोडून सगळ्या बाक्या मिळतात ती संख्या) ३. पहिलीत एकदाच. दोन-दोन लाख पदांच्या बहुपदी गुणल्या तर ३,९९,९९९ पदं येतात, म्हणून लांबी ५,२४,२८८ घ्या. कमी घेतली तर शेवटची पदं सुरुवातीच्या पदांत मिसळतात आणि प्रोग्रॅम एरर न देता चुकीचं उत्तर छापतो. हेच पहिलीसाठी हवं असेल तर १६,७७,७२,१६१, ४६,९७,६२,०४९ आणि ९९,८२,४४,३५३ या तिघींवर वेगवेगळा गुणाकार करून चायनीज रिमेंडरने (वेगवेगळ्या बाक्यांवरून खरी संख्या काढण्याची रीत) उत्तर जोडावं लागतं. काम साधारण तिप्पट. एनटीटी लागण्याची शक्यता असेल तर दुसरीच घ्या.

मॉडमधलं वर्गमूळ (ज्याच्या वर्गाची बाकी दिलेली संख्या येते) काढायचं असेल तर पारडं उलटं फिरतं. पहिलीला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, म्हणून वर्गमूळ असेल तर २५,००,००,००२ वा घात काढला की ते मिळतं. दुसरीत टोनेली-शँक्स या वर्गमूळ काढण्याच्या पद्धतीचा लूप लांबतो. तिथे सिपोल्लाची पद्धत बरी.

उत्तर तपासताना व्यस्त (ज्याने गुणल्यावर बाकी १ उरते ती संख्या) ओळखता आले तर वेळ वाचतो. पहिलीत अर्धा, म्हणजे २ चा व्यस्त, ५०,००,००,००४, दुसरीत ४९,९१,२२,१७७.

स्ट्रिंग हॅशिंगला (मजकुराचा एक आकडा बनवून तुलना करायला) एकटी कुठलीही पुरत नाही. साधारण ३७ हजार वेगळ्या स्ट्रिंग झाल्या की कुठल्यातरी दोघींची टक्कर होण्याची (आकडा एकच येण्याची) शक्यता निम्मी होते. तिथे २ चा ६१ वा घात वजा १ घ्या, गुणाकार १२८ बिटांत करा.

स्थिरांक टाइप करताना सातवा अंक नीट बघा. ९९,८२,४४,८५३ हीसुद्धा मूळ संख्या आहे, त्यामुळे भागाकार, व्यस्त सगळं बिनतक्रार चालतं. पण तिच्यातून १ वजा केल्यावर २ ने फक्त दोनदा भाग जातो, आणि एनटीटी चार पदांपुढे सरकत नाही.