पाटीवरचे सर्जन आलेच नाहीत

चहा आईच्या हनुवटीवरून ओघळतो आणि तिला कळत नाही. समोरच्याच्या नजरेवरून तिला अंदाज येतो, मग ती पदराने पुसते. डाव्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होऊन आठ महिने झाले. हे दुखणं दाढेमुळे आलेलं नाही. दाढ काढणाऱ्याने ते दिलं, आणि त्याला तिथे उभं केलं ते आम्हीच, चौकशी न करता.

आईची खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी अडकली होती. गाल सुजला, तोंडात दोन बोटं जाईनात. नाशिकमधले आमचे नेहमीचे दातांचे डॉक्टर एक्स-रे बघून स्पष्ट म्हणाले, "काकू, ही मी काढणार नाही. मुळं नसेला लागून आहेत. ओरल सर्जनकडेच जा." त्यांनी एका सर्जनचं नाव दिलं, पण तिथे दहा दिवसांनंतरची वेळ मिळत होती. आई रात्रभर उशी गालाला दाबून बसायची. मी फोनवर शोधलं, सगळ्यात वर एका मोठ्या क्लिनिकची जाहिरात आली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. ते दहा दिवस औषधांवर काढले असते तर बरं झालं असतं, हे आता रोज वाटतं.

क्लिनिकच्या पाटीवर चार नावं होती. दुसऱ्या नावाखाली लिहिलं होतं, 'ओरल अँड मॅक्सिलोफेशिअल सर्जन', म्हणजे तोंडाचे आणि जबड्याचे सर्जन. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "सर व्हिजिटिंग आहेत. तुमच्यासाठी उद्या साडेअकराला बोलावते." खर्च 21,000, त्यात सर्जनची फी 9,000. दहा हजार आगाऊ भरले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर आले का?" उत्तर मिळालं, "हो, आतच आहेत." दार बंद झालं ते दीड तासाने उघडलं. मास्क आणि टोपी घातलेला एक तरुण डॉक्टर बाहेर आला, "झालं व्यवस्थित" म्हणाला आणि निघून गेला. हेच सर्जन, असं मी धरून चालले.

संध्याकाळी आईने कागदावर लिहून दाखवलं, कारण टाक्यांमुळे बोलता येत नव्हतं: 'दोघंच होते. तो आणि एक मुलगी. मध्येच फोनवर कुणाला तरी विचारत होता, तुकडे करून काढू की अशीच ओढू.' तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

भुलीचा बधिरपणा काही तासांत जातो. आईचा गेलाच नाही. क्लिनिकने आधी "दोन दिवस राहतो" सांगितलं, मग "पंधरा दिवस", मग व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. महिन्याने मी आईला घेऊन सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेले. सीएसएमटी स्टेशनला लागूनच, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथल्या ओरल सर्जरी विभागातल्या मॅडमनी जुना एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मलाही दाखवला. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यात ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस असते. नळीची पांढरी रेघ दाढेच्या मुळाजवळ तुटलेली होती आणि तिथेच मूळ काळसर दिसत होतं. "असं दिसलं की आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घ्यायचा असतो," त्या म्हणाल्या. कधीकधी दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवतात, म्हणजे नसेला धक्का लागण्याचा धोका कमी होतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आम्हाला यातलं कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "ऑपरेशन कोणी केलं? नोट्स कुठे आहेत?" माझ्याकडे फक्त पावती होती.

मी पाटीवरच्या त्या सर्जनना शोधून काढलं. ते आता दुसऱ्याच शहरात असतात. फोनवर त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी चार-पाच वेळा तिथे गेलो होतो. तुमच्या आईंना मी कधी पाहिलेलंही नाही." पावतीवरच्या शिक्क्यातला नोंदणी क्रमांक क्लिनिकच्या मालकाचा निघाला, फक्त बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पहिली पदवी. संमतीपत्राची प्रत भांडून मिळवली. त्यात शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती आणि खाली आईची सही.

बीडीएस डॉक्टर दाढ काढू शकतात, कित्येक जण उत्तम काढतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही आपण कुठे थांबायचं ते ठाऊक होतं. इथे एकाचं नाव विकून पैसे घेतले आणि काम दुसऱ्याने केलं.

तेव्हा खुर्चीत बसण्याआधी विचारा: हत्यार कोणाच्या हातात असणार? त्यांचं पूर्ण नाव, पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहून मागा. बीडीएस म्हणजे इंटर्नशिप धरून पाच वर्षं. त्यानंतर तीन वर्षांचं एमडीएस, आणि तेही ओरल अँड मॅक्सिलोफेशिअल सर्जरी याच विषयातलं हवं. दात सरळ करणारे आणि रूट कॅनलवाले तज्ज्ञही एमडीएसच असतात, त्यामुळे नुसतं 'एमडीएस' वाचून थांबू नका. 'इम्प्लांट तज्ज्ञ', 'फेलोशिप' हे शब्द जबड्याच्या सर्जनची पदवी नव्हेत. व्हिजिटिंग सर्जन असतील तर भूल देण्याआधी त्यांना समोर भेटा, एक्स-रे त्यांनीच समजावून सांगू द्या. संमतीपत्रात कोरी जागा दिसली तर सही करू नका. मी आईला म्हटलं होतं, "कर गं सही, नेहमीचंच असतं." हे मला विसरता येत नाही.

क्लिनिकने सर्जनच्या फीचे 9,000 परत द्यायची तयारी दाखवली, पण 'काही तक्रार नाही' असं लिहून द्यायच्या अटीवर. आईने नकार दिला. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलं आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि उपचारांसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. तिथे अर्ज केला आहे, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडेही. मुंबईच्या मॅडम दर खेपेला कापसाचं टोक आईच्या हनुवटीवरून फिरवतात आणि कुठे कळतंय ते विचारतात. मागच्या वेळी कडेला जरासं कळलं, बाकी नाही.

गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने गेले. पाटीवर दुसरं नाव अजून तसंच आहे. तारखेसह फोटो काढला आणि तक्रारीला जोडला.