चिकणमातीची चालू खाण की चारमथचा किनारा: इंग्लंडात जीवाश्म शोधायला कुठे जावे?

सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टवर वाढलेल्या माणसाला जीवाश्म म्हणजे संग्रहालयात काचेमागे ठेवलेली वस्तू वाटते, कारण लाव्हाच्या थरांत ते सापडत नाहीत आणि थरांमधल्या गाळापर्यंत सहसा कुणी जात नाही. इंग्लंडात मात्र ते एका दिवसाच्या सहलीत स्वतःच्या हाताने उचलता येतात. लंडन परिसरातील ज्या मराठी कुटुंबांच्या मनात अशी सहल आहे, त्यांच्यापुढे प्रामुख्याने दोन पर्याय असतात: पीटरबरोजवळ व्हिटल्सी येथील विटांच्या मातीच्या खाणी आणि डॉर्सेटमधील चारमथचा किनारा. दोन्हीकडचे जीवाश्म ज्युरासिक समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलातले आहेत. व्हिटल्सीचा चिखल सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर चारमथचा सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचा.

पहिला फरक प्रवेशाचा आहे. चालू खाणीत कुणालाही आपल्या मनाने जाता येत नाही. एखाद्या भूविज्ञान मंडळाचे सदस्य होऊन, त्यांनी खाणमालकाकडून परवानगी घेतलेल्या दिवशीच जावे लागते आणि तो दिवस यंत्रांच्या सोयीने ठरतो. हेल्मेट, चकाकते जाकीट आणि पोलादी टोकाचे बूट सक्तीचे असतात, उभ्या कड्याखाली जाण्यास मनाई असते आणि विम्याच्या अटींमुळे लहान मुलांना बहुधा नेता येत नाही. चारमथला परवानगी लागत नाही, वयाची अट नाही. तिथे वेळापत्रक भरती-ओहोटीचे.

तरीही खाणीकडे माझा ओढा अधिक आहे आणि त्याचे कारण त्या मातीतच आहे. ऑक्सफर्ड क्ले नावाच्या या मातीच्या खालच्या थरात सेंद्रिय द्रव्य इतके आहे की भट्टीत वीट स्वतःच्याच आतल्या इंधनावर बऱ्याच अंशी भाजली जाते. या मातीपासून बनणाऱ्या फ्लेटन नावाच्या विटांचा उद्योग याच जोरावर उभा राहिला आणि म्हणूनच इथे एवढ्या अवाढव्य खाणी आहेत. ते सेंद्रिय द्रव्य टिकले, कारण त्या समुद्राच्या तळाशी प्राणवायू कमी होता. आणि त्याच कारणाने मेलेल्या प्राण्यांचे सांगाडेही अनेकदा विस्कटले नाहीत. वीट स्वस्त करणारी आणि हाडे राखणारी गोष्ट एकच आहे, हे खाणीत उभे राहिल्यावर जसे उमगते तसे वाचून उमगत नाही.

आल्फ्रेड लीड्स (१८४७–१९१७) हा पीटरबरोजवळचा शेतकरी. त्याच्या काळात मजूर हाताने माती खणत, हाड दिसले की त्याला कळवत आणि त्याने जमवलेले सागरी सरीसृप आज लंडन व ग्लासगोच्या संग्रहालयांत आहेत. त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लीड्सिक्थिस या महाकाय माशाची हाडे २००१ साली व्हिटल्सीच्या एका खाणीत पोर्ट्समथ विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना दिसली. २०१४ मध्ये मस्ट फार्म खाणीत साडेपाच मीटर लांबीचा प्लेसिओसॉर हा सागरी सरीसृप सापडला; तो आता ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. आता माती यंत्राने निघते आणि जे कुणाच्या नजरेस पडत नाही ते सरळ विटेत जाते. म्हणून अशा सहलीला जाणाऱ्या प्रत्येक जोडी डोळ्यांना मोल आहे.

आपल्या पिशवीत मात्र साध्याच गोष्टी येतात: बंदुकीच्या गोळीसारखे बेलेम्नाइट (माकुळासारख्या नामशेष प्राण्याच्या शरीरातला टणक भाग) आणि ग्रायफियाचे वाकडे जाड शिंपले, ज्यांना इंग्रज लोक सैतानाच्या पायाची नखे म्हणतात. खरा आनंद मातीचा ओला पापुद्रा चाकूने अलगद उचलण्यात आहे. आत कॉस्मोसेरास हा अमोनाइट, म्हणजे चक्राकार शंखाचा नामशेष समुद्री प्राणी, कागदासारखा चपटा झालेला असतो. पण त्याच्यावर शिंपल्याच्या आतली मोतिया झाक तशीच असते, हिरवी-गुलाबी, हात हलेल तशी बदलणारी. ऊन लागले की तो पापुद्रा वाळून भेगाळतो, त्यामुळे तिथल्या तिथे कागदात गुंडाळावा लागतो. मोठे हाड दिसल्यास खणू नये, गटप्रमुखाला सांगावे.

चारमथला हे काम समुद्र करतो. ब्लॅक व्हेनच्या कड्यावरून घसरलेला चिखल लाटा धुऊन नेतात आणि पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे सोनेरी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अमोनाइट गोट्यांत उरतात. सहा वर्षांच्या मुलालाही ते सापडतात. हिवाळी वादळानंतरची उतरती भरती उत्तम. कड्यात खणायचे नाही, महत्त्वाचे काही सापडले तर नोंदवायचे, हे तिथले नियम. धोका मात्र खाणीहून कमी नाही: दरड कोसळते, चिखलात पाय रुततो, शेजारच्या लाइम रेजिस गावाच्या बाजूने भरती वाट अडवते आणि सूचना द्यायला गटप्रमुख नसतो. लंडनहून चारमथजवळच्या ॲक्समिन्स्टर स्थानकापर्यंत रेल्वेने पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, तर पीटरबरोला तासाभरात पोहोचता येते.

लहान मुले असूनही ऑक्सफर्ड क्लेच पाहायची असेल, तर व्हिटल्सीजवळचे किंग्ज डाइक निसर्ग राखीव क्षेत्र हा मधला मार्ग आहे. शेजारच्या खाणीतील माती तिथे मुद्दाम आणून पसरलेली असते आणि आधी परवानगी काढून जाता येते. ती माती आपल्या थरातून उठून आलेली असल्याने कोणता जीव कोणाच्या वर, कोणाच्या खाली होता हे तिथे कळत नाही, ही उणीव मला मोठी वाटते. पण दहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मी तेच सुचवेन. सोळा-सतरा वर्षांची, विषयात रमणारी मुले असतील तर मंडळाचे सदस्यत्व घेऊन चालू खाणीच्या दिवसाची वाट पाहावी. आणि आगाऊ काही ठरवणे जमत नसेल तर चारमथ.

घरी आल्यावर बेलेम्नाइट आणि ग्रायफिया पाण्याने घासून धुवावेत, मोतिया पापुद्रा मुळीच धुऊ नये. पायराइटचे अमोनाइट स्वच्छ करून पूर्ण वाळवावेत आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावेत, कारण इथल्या दमट हवेत काही वर्षांत त्यांची पिवळट भुकटी होते.