खोक्यातील न्याहारी आणि घरचे पर्याय: म्यूस्ली, भिजवलेले ओट्स, ग्रॅनोला व लापशी यांचे परीक्षण

खोक्यातून वाडग्यात ओतायचे, वर दूध घालायचे आणि पाच मिनिटांत न्याहारी उरकायची, ही तयार सीरियलची सोय खरी आहे आणि तिला कमी लेखण्यात अर्थ नाही. म्हणूनच तिच्या जागी दुसरे काही आणायचे ठरवताना आरोग्याइतकाच सकाळच्या वेळेचाही हिशोब धरावा लागतो. जो पर्याय सकाळी अर्धा तास मागतो तो उत्साहाचे दिवस सरल्यावर मागे पडतो. कोरडी म्यूस्ली (ओट्स, सुकामेवा आणि बियांचे मिश्रण), रात्री भिजवलेले ओट्स, ग्रॅनोला (तसेच मिश्रण, पण तेल व पाकात घोळून भाजलेले) आणि ओट्सची गरम लापशी हे घरी करण्याजोगे चार पर्याय मी चव, साखर, पोट किती वेळ भरलेले राहते आणि हात किती वेळ गुंतून पडतो या कसोट्यांवर पारखले आहेत. निष्कर्ष आधीच सांगायचा तर बिनसाखरेची, भाजून ठेवलेली कोरडी म्यूस्ली खोक्याची जागा सर्वांत सहजपणे घेते. ग्रॅनोला मात्र केवळ घरी केला म्हणून चांगला ठरत नाही.

प्रथम खोक्याकडे पाहू. कॉर्नफ्लेक्ससाठी मक्याच्या दाण्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकतात, उरलेला पिठूळ भाग साखर, मीठ व माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पाण्यासह वाफेच्या दाबाखाली शिजवतात, मग रुळांखाली दाबून त्याच्या पापड्या करतात आणि त्या भाजतात. गोल कड्या, तारे, चॉकलेटचे गोळे अशा आकारांचे सीरियल तर बहुधा पिठापासूनच होते. ते पीठ एका यंत्रातील मळसूत्र उष्णता आणि दाबाखाली ढकलत नेते व बारीक छिद्रातून बाहेर पडताच ते फुगते. दोन्ही रीतींत दाण्याची मूळ घडण मोडते आणि त्यातील स्टार्च इतका शिजतो की पचनरसांना फारसे काम उरत नाही. त्याचा परिणाम ग्लायसेमिक निर्देशांकात, म्हणजे अन्नाने रक्तातील साखर किती झपाट्याने वाढते याच्या मापात, दिसतो: कॉर्नफ्लेक्सचा निर्देशांक ८० च्या आसपास, तर जाड दाबलेल्या ओट्सच्या लापशीचा साधारण ५५. येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. झटपट शिजणाऱ्या बारीक ओट्सचा निर्देशांकही जवळपास ८० पर्यंत जातो. धान्य तेच, पण ते किती बारीक केले आणि आधी किती शिजवले यावर त्याचे शरीरातील वागणे ठरते. त्यामुळे ‘ओट्स’ हा शब्द पाकिटावर वाचून निश्चिंत होण्यापेक्षा आतली पापडी जाड आहे का, हे पाहावे.

साखरेचा हिशोब याहून सरळ आहे, पण तो वाचणाऱ्याने स्वतः करावा लागतो. खोक्यावरील आकडे बहुधा ३० ग्रॅमच्या एका वाढपासाठी दिलेले असतात. ३० ग्रॅम कॉर्नफ्लेक्स वजनकाट्यावर मोजून नेहमीच्या खोलगट वाडग्यात घातले, तर वाडगा जेमतेम निम्मा भरतो आणि दूध ओतल्यावर तेही खाली बसते; मोकळ्या हाताने ओतणारा माणूस सहज दुप्पट घेतो. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये १०० ग्रॅममागे साधारण ८ ग्रॅम साखर असते, तेव्हा तेथे फार बिघडत नाही. पण साखरेचा मुलामा दिलेल्या प्रकारांत वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा साखरच असू शकते. असे ६० ग्रॅम सीरियल खाल्ले, तर दुधाचा गोडवा धरला नाही तरी १८ ते २० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे प्रौढाच्या बाबतीत सुमारे २५ ग्रॅमच्या आत राखता आली तर अधिक बरे. न्याहारीलाच त्यातला बहुतेक वाटा संपतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तीत साखर, ग्लुकोज सिरप, माल्टचा अर्क आणि मध वेगवेगळे लिहिले की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि धान्य पहिले दिसते. ही सगळी नावे एकत्र धरून वाचण्याची सवय लावून घ्यावी. चिलीने २०१६ पासून जास्त साखरेच्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला आणि अशा खोक्यांवर मुलांना भुरळ घालणारी चित्रे छापायला बंदी केली. मला तो नियम मनापासून पटतो, कारण खोके निवडताना मुलाची नजर आकड्यांवर जात नाही.

या न्याहारीचा उगम खरे तर पथ्याच्या अन्नात आहे. जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातील आपल्या आरोग्यधामात जे धान्याचे कण तयार केले, ते इतके कडक होते की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसत. अमेरिकन डॉक्टर जॉन हार्वी केलॉग यांना धान्याच्या पापड्यांचे पेटंट १८९६ साली मिळाले. त्यांचा साखरेला विरोध होता. त्यांचे धाकटे बंधू विल यांनी मात्र १९०६ साली स्वतःची कंपनी काढून मक्याच्या पापड्या विकल्या आणि साखरेवरून दोघांत बेबनाव झाला. पुढे धंदा कोणत्या बाजूने वाढला, हे दुकानातील मांडणीवरून कळतेच.

आता म्यूस्ली. माझ्या पसंतीचे प्रमाण असे: ५०० ग्रॅम जाड ओट्स, १०० ग्रॅम बदाम किंवा अक्रोड, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया मिळून ७५ ग्रॅम, ५० ग्रॅम जवस आणि १०० ग्रॅम मनुका. ओट्स आणि दाणे (म्हणजे बदाम-अक्रोड) वेगवेगळे भाजावेत, कारण दाण्यांना तेल सुटते आणि ते आधी लाल होतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ओट्स सतत हलवत राहिले की सात-आठ मिनिटांत त्यांचा कच्चा, पिठूळ वास जातो आणि खमंग वास सुटतो; उलथन्याखाली त्यांचा आवाजही बदलतो, आधी मऊ सरकणाऱ्या पापड्या कोरड्या खुळखुळू लागतात. रंग बदलायची वाट पाहू नये, आवाज बदलला की आच बंद करावी, कारण तापलेल्या कढईत भाजणे चालूच राहते. सगळे पूर्ण गार झाल्यावरच मनुका मिसळाव्यात आणि मिश्रण बरणीत भरावे. गरम असताना झाकण लावले तर आत वाफ धरते आणि सगळी बरणी सादळते. जवस अख्खे घातले तर बरेचसे तसेच शरीराबाहेर पडतात, म्हणून ते भरडावे लागतात. पण भरडलेले जवस लवकर खवट होतात. यासाठी ते निराळ्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवणे आणि खाताना वरून चमचाभर घेणे बरे.

या प्रमाणाने ५० ग्रॅम म्यूस्लीत साधारण ७ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम तंतुमय पदार्थ येतात, तर साखर ४ ग्रॅमच्या आसपास, तीही जवळपास सगळी मनुकांची. तेवढ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये प्रथिने याच्या निम्मी आणि तंतुमय भाग जेमतेम दीड ग्रॅम. अर्थात दाण्यांमुळे म्यूस्लीतील स्निग्धांश आणि उष्मांक अधिक आहेत, हे वजनावर लक्ष ठेवणाऱ्याने विसरू नये. मात्र तिने पोट दुपारपर्यंत शांत राहते आणि मधल्या वेळचे चाळवाचाळव करणारे खाणे टळते, असा माझा अनुभव आहे. चवीची एक अडचणही सांगायला हवी. खोक्यातील पापडी दाताखाली कर्रकन मोडते, म्यूस्ली चावून खावी लागते आणि तिची गोडी दोन-तीन घासांनंतर उलगडते. ज्यांना पहिल्याच घासाला गोड लागायला हवे, त्यांच्या ती लगेच गळी उतरणार नाही.

भिजवलेले ओट्स ही याच मिश्रणाची दुसरी चाल आहे आणि उन्हाळ्यात मला तीच अधिक आवडते. म्यूस्लीचे जनक मानले जाणारे स्विस डॉक्टर माक्सिमिलियन बिर्शर-बेनर झुरिकमधील आपल्या रुग्णांना जे देत, त्यात ओट्स फक्त चमचाभर, पाण्यात भिजवलेले असत. मुख्य घटक होता सालासकट किसलेले सफरचंद, सोबत लिंबाचा रस, आटवलेले गोड दूध आणि कुटलेले दाणे. आटवलेल्या गोड दुधाऐवजी साधे दही घेतले, तर ही कृती आजही उत्तम लागते. ५० ग्रॅम ओट्स १२५ मिलिलिटर दुधात किंवा दह्यात कालवून झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि सकाळी वर सफरचंद किसून लिंबू पिळावे. लिंबाने चवही उठते आणि कीसही काळा पडत नाही. फळ रात्रीच घातले तर त्याला पाणी सुटते. पोत मऊ, काहीसा चिकट असतो आणि काहींना तो मुळीच रुचत नाही. त्यांनी भोपळ्याच्या बिया खाण्यापूर्वी वर पेराव्यात, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

ग्रॅनोलाविषयी माझे मत कठोर आहे. तो चारही पर्यायांत सर्वाधिक चविष्ट आहे, पाहुण्यांपुढे ठेवला तर वाडगा आधी त्याचाच रिकामा होतो. पण त्याचा कुरकुरीतपणा येतो तो तेल आणि साखरेच्या किंवा मधाच्या पाकातून. अनेक पाककृतींत अर्धा किलो ओट्सला दीडशे-दोनशे ग्रॅम मध सांगितलेला असतो. मध, गूळ वा मेपलचा पाक यांना नैसर्गिक म्हटले, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मध आणि पाक यांतील साखरही वरून घातलेल्या साखरेतच मोजली जाते. असा ग्रॅनोला घरी करून खोक्याला पर्याय शोधल्याचे समाधान मानणे योग्य नाही. मध ६० ग्रॅमपर्यंत खाली आणता येतो, मात्र मग मिश्रण सुटे राहते आणि गुठळ्या धरत नाहीत. त्यावर फेटलेल्या अंड्याचा पांढरा बलक मिसळणे हा चांगला उपाय आहे. अंडे चालत नसेल तर कुस्करलेले पिकलेले केळे घ्यावे, पण मग बरणी लवकर संपवावी लागते. ओव्हन १५० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये आणि रंग फिका सोनेरी असतानाच तबक बाहेर काढावे. पिठूळ पदार्थ १२० अंशांपुढे कोरड्या उष्णतेत तापले की त्यांत ॲक्रिलामाइड हे घातक मानले जाणारे रसायन तयार होते आणि रंग जितका गडद, तितके त्याचे प्रमाण वाढते. एवढे सांभाळूनही ग्रॅनोला मूठभरच, फळांवर किंवा दह्यावर पेरण्यापुरता घ्यावा.

लापशीला थोडक्यात न्याय देतो, कारण तिच्यात खोट काढण्यासारखे फार काही नाही. ४० ग्रॅम जाड ओट्स, २५० मिलिलिटर पाणी किंवा दूध, चिमूटभर मीठ आणि मंद आचेवर सहा मिनिटे. दालचिनी आणि पिकलेले केळे घातले की साखरेची गरज उरत नाही. ओट्समधील बीटा-ग्लुकान हा विरघळणारा तंतू रोज ३ ग्रॅम पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, आणि अशा एका वाडग्यातून त्याचा जवळपास निम्मा वाटा मिळतो. अडचण एकच, ती चुलीपाशी उभे राहायला लावते.

खोके सोडताना एक गोष्ट हातची जाते, आणि घरच्या अन्नाचे कौतुक करताना ती बहुधा सांगितली जात नाही. बऱ्याच तयार सीरियलमध्ये लोह, फोलिक आम्ल, ब-१२ आणि कधी ड जीवनसत्त्व वरून घातलेले असते. जे मांस, अंडी, दूध काहीच घेत नाहीत, त्यांच्यासाठी असे सीरियल ब-१२ चा एक महत्त्वाचा स्रोत असू शकते. ओट्स, दाणे आणि बिया यांतून ब-१२ मिळत नाही. अशांनी पुष्ट केलेले वनस्पतिजन्य दूध निवडावे किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक गोळी घ्यावी. लोह भोपळ्याच्या बियांत आणि तिळांत असते, पण वनस्पतींतील लोह शरीरात कमी शोषले जाते. सोबत संत्रे, स्ट्रॉबेरी किंवा लिंबू घेतल्यास, म्हणजे क जीवनसत्त्व मिळाल्यास, शोषण सुधारते.

घरात लहान मूल असेल तर आणखी दोन पथ्ये आहेत. वर्षाच्या आतील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. आणि पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देण्याऐवजी ते बारीक कुटून द्यावेत, नाहीतर घशात अडकण्याची भीती राहते. सिलिअक रोग (गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन न सोसण्याचा आजार) असलेल्यांनी ग्लूटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेलेच ओट्स घ्यावेत, कारण शेतात आणि गिरणीत गव्हाची भेसळ सहज होते. थोड्या रुग्णांना तर शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

गोड सीरियलला सरावलेल्या मुलांपुढे एके दिवशी अचानक म्यूस्ली ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. नेहमीच्या सीरियलमध्ये चौथा हिस्सा म्यूस्ली मिसळावी, काही दिवसांनी निम्मी, मग पाऊण, आणि गोडी केळ्याच्या चकत्यांनी भरून काढावी. सीरियलचा शेवटचा चमचाभर वाटा वर कुरकुरीतपणासाठी राहिला तरी हरकत नाही. ज्यांना घरी भाजण्याला खरोखरच वेळ नाही, त्यांनी तयार माल घेताना १०० ग्रॅममागे साखर ५ ग्रॅमच्या आसपास आणि तंतुमय भाग ६ ग्रॅमहून अधिक आहे का, एवढे दोन आकडे पाहावेत. मनुका किंवा खजूर असलेल्या मिश्रणात साखरेचा आकडा मोठा दिसतो, तेव्हा घटकांच्या यादीत फळांखेरीज दुसरी साखर नाही याची खात्री करून मगच ते घ्यावे.