ढोक्रा म्हणून जस्त गळ्यात मारलं

चुंबक चिकटला नाही म्हणजे पितळ खरं, असं समजू नका. जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. ढोक्रा, म्हणजे मेणाच्या नमुन्यावरून ओतलेले पितळी आदिवासी दागिने, सांगून आम्हाला जस्त देऊन गंडवणाऱ्याने तर स्वतःच खिशातून चुंबक काढून माल 'सिद्ध' करून दाखवला होता.

जुळे सोलापुरात माझं आणि जावेचं साड्या-ब्लाउजचं छोटं दुकान आहे. इरकल आणि हातमागाच्या सुती साड्यांवर शोभतील असे वेगळे दागिनेही आम्ही ठेवतो, कारण ऑक्सिडाइज्ड कानातल्यांना कंटाळलेल्या बायका हल्ली 'ट्रायबल काहीतरी दाखवा' म्हणतात. एका प्रदर्शनात हा गृहस्थ भेटला. म्हणाला, मी डिझायनर, छत्तीसगडमधल्या बस्तरच्या ढोक्रा कारागिरांबरोबर काम करतो. कोंडागाव, तिथले घडवा म्हणजे धातू ओतणारे कारागीर, मेणाच्या बारीक तारांनी नक्षी कशी करतात, सगळं तोंडपाठ. कारागिरांना श्रेय न देता कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या म्हणून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीवर टीका झाली, तेही त्याने काढलं आणि 'आम्ही कारागिराला नाव देतो' असं ऐकवलं.

त्याने सांगितलेलं बहुतेक खरं होतं, म्हणूनच तर हे लिहायला बसले. नमुना म्हणून दिलेली गळ्यातली पदकंही खरी होती. बस्तर ढोक्र्याला २००८ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, त्या प्रमाणपत्राची प्रतही त्याने दाखवली.

१२० नग, नगाला ४८० रुपये, म्हणजे ५७,६०० रुपये. ६० टक्के आगाऊ, बाकीचे माल हातात पडल्यावर. माल आला, वरवर झकास दिसला, प्रत्येक नगाबरोबर कारागिराचा फोटो आणि नाव असलेलं कार्ड. उरलेले पैसे गेले.

थोड्याच दिवसांत एक शिक्षिका बाई कानातलं परत घेऊन आल्या. कान खाजतोय, सोनेरी रंग उडून खालून पांढरं दिसतंय. ओळखीच्या सराफाकडे नेलं. त्यांनी कडेला कानस मारली आणि म्हणाले, "ताई, हे पितळ नाही ओ. आत सगळं जस्त हाय, वरून नुसता मुलामा."

मग दुकानात सगळा माल सतरंजीवर मांडला. मोराची पदकं एका ओळीत ठेवल्यावर खरी गंमत कळली (गंमत म्हणायचं आपलं). प्रत्येक मोराच्या डाव्या पंखाखाली मेणाची तार तुटल्याची खूण, सगळीकडे त्याच जागी, तेवढीच. ढोक्र्यात मेणाचा नमुना करतात, त्यावर माती थापतात, भाजताना मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. धातू थंड झाला की साचा फोडावाच लागतो. एका साच्यातून एकच नग, म्हणून दोन नग कधी हुबेहूब होत नाहीत. आमच्याकडचा माल उघडच एका खऱ्या पदकावरून रबरी साचा काढून ओतलेला होता. कोणा घडव्याच्या हातून एकदा तुटलेली तार याने मोरामोरावर छापून विकली! कार्डंही तशीच. एकाच म्हाताऱ्याचा फोटो, नावं तीन.

फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "बिल बघा." बिलावर 'ढोक्रा इन्स्पायर्ड फॅन्सी ज्वेलरी' लिहिलेलं. तोंडाने ढोक्रा, कागदावर इन्स्पायर्ड. नंतर फोन बंद.

ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलं, तर वकिलांनी सांगितलं की पुन्हा विकायला माल घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक ठरत नाही. घरासाठी घेतलं असतं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता आली असती. आमच्यासाठी वाट पोलिसांची, म्हणजे फसवणुकीचं पूर्वीचं कलम ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४). तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. आमच्या गिऱ्हाइकांच्या लेखी विक्रेते आम्हीच, म्हणून ज्यांनी नेलं होतं त्यांचे पैसे परत केले. जावेचं म्हणणं होतं अर्धे द्यावेत, मी ऐकलं नाही.

त्या प्रमाणपत्राबद्दल मात्र बोललंच पाहिजे. पानिपतची चादर 'सोलापुरी' म्हणून विकली की आपण सोलापूरकर चवताळतो, आणि दुसऱ्याच्या मानांकनाची प्रत पाहून लगेच मान डोलावतो. तो कागद कुणालाही छापून आणता येतो. विचारायचं ते हे, की माल बनवणारा त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे का? नाव मागा आणि भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पडताळा. नुसता नमुना बघून उरलेले पैसे देऊ नका. आलेल्या मालातला कुठलाही एक नग उचलून मागच्या बाजूला कानस मारा, एकाच नक्षीचे चार-पाच नग शेजारी ठेवा. आणि बिलावर धातूचं नाव लिहून घ्या. तिथे जो कचरतो त्याच्याकडून घेऊ नका.

तो माणूस अजून फिरतोय. एका मैत्रिणीने कळवलं की आता त्याच्याकडे बंजारा कशिद्याच्या बॅगा आहेत. कुणाला भेटला तर बॅग उलटी करून आतली बाजू बघा. मशीनच्या भरतकामाला मागे खालच्या रिळाचा एकाच रंगाचा दोरा सगळीकडे सारखा दिसतो, हातच्या कामात गाठी आणि ओढलेले टाके असतात. आरसे नखाने हलवून बघा, खऱ्या कामात ते काचेचे आणि भोवती टाक्यांनी बांधलेले असतात, डिंकाने चिकटवलेले नाहीत. आणि तेवढ्यानेही खात्री पटली नाही तर बंजारा तांडे आपल्या सोलापूरच्या आसपासच आहेत. तिथल्या एखाद्या आजीला बॅग दाखवा.