घरटे की शिंगे : दोन वृक्षवासी नेच्यांमधून निवड करताना

घरात वाढवण्यासाठी उष्ण प्रदेशातील नेचा निवडायचा म्हटले की दोन नावे हमखास पुढे येतात. एक बर्ड्स नेस्ट फर्न, म्हणजे ॲस्प्लेनियम निडस, आणि दुसरे स्टॅगहॉर्न फर्न, म्हणजे प्लॅटिसेरियम बायफर्केटम. दोन्ही अपिवनस्पती आहेत. निसर्गात ते झाडांच्या खोडाफांद्यांवर आणि कधीकधी खडकांवर वाढतात, मात्र बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषत नाहीत. झाडाकडून मिळतो तो केवळ आधार; पाणी आणि अन्न ज्याचे त्याने मिळवायचे. जमिनीपासून उंचावर, मातीचा आसरा नसताना पाणी कसे साठवावे, हा प्रश्न या दोन नेच्यांनी अगदी वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे, आणि निवड करणाऱ्याने पानांच्या देखणेपणाआधी याच फरकाकडे पाहावे असे माझे मत आहे.

ॲस्प्लेनियम निडसला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये नाव दिले. निडस या लॅटिन शब्दाचा अर्थ घरटे, आणि रोप वरून पाहिले की नाव पटते. आखूड, उभ्या मूलक्षोडाच्या (मुळे व पाने जिथून फुटतात त्या खोडाच्या) टोकाभोवती लांब, अखंड, तकतकीत पाने वर्तुळात निघतात आणि त्यांचे एक नरसाळे तयार होते. पानाची मध्यशीर गडद तपकिरी ते काळी असते, तर निसर्गात पानाची लांबी दीड मीटरपर्यंत जाऊ शकते. वरून गळणारा पालापाचोळा या नरसाळ्यात अडकतो, कुजतो आणि स्पंजासारख्या मुळांच्या जाळ्यात ओलाव्यासह साठून राहतो. नेचा जणू स्वतःची माती स्वतःच तयार करतो. बोर्निओच्या पर्जन्यवनातील या नेच्यांवर 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की मोठ्या रोपाचे ओले वजन 200 किलोपर्यंत भरते आणि अशा एका रोपात राहणाऱ्या कीटकादी अपृष्ठवंशीयांचे एकूण वजन वृक्षाच्या उरलेल्या सगळ्या माथ्यावरील अशा जीवांच्या वजनाइतके असू शकते. पूर्व आफ्रिकेपासून उष्णकटिबंधीय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत हा नेचा पसरलेला आहे, पण त्याचा जीव रमतो तो दमट सावलीतच.

प्लॅटिसेरियम बायफर्केटमचा संसार निराळा आहे. त्याला दोन प्रकारची पाने येतात. वंध्य, म्हणजे पुनरुत्पादनात भाग न घेणारी, पाने ढालीसारखी रुंद असतात आणि खोडाला घट्ट बिलगून वाढतात; सुरुवातीला ती हिरवी असतात, पुढे तपकिरी व कागदासारखी होतात, पण गळत नाहीत. जुन्या ढालींच्या थरांमागे मुळे सुरक्षित राहतात आणि पाणी व कुजलेला पाला तेथेच साठतो. बीजाणू, म्हणजे बियांऐवजी नेच्याचा प्रसार करणारे सूक्ष्म कण, धारण करणारी पाने मात्र हरणाच्या शिंगांसारखी दुभंगत बाहेर झेपावतात, आणि त्यांच्यावरील ताराकृती लव त्यांना करडी छटा देते व बाष्पीभवन कमी करते. पूर्व ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्स, तसेच न्यू गिनी आणि लॉर्ड हाऊ बेट येथे तो आढळतो, आणि पर्जन्यवनाबाहेरच्या काहीशा कोरड्या, उघड्या वनांतही टिकतो. मुळांवरच्या कळ्यांतून नवी रोपे फुटत राहिल्याने एका रोपाची वसाहत बनते. लॉर्ड हाऊ बेटावरील अशा वसाहतींत काही रोपे बीजाणू निर्माण न करता पाणी साठवण्याचेच काम करतात, असे निरीक्षण 2021 मध्ये मांडले गेले आणि त्यावरून मधमाश्यांच्या पोळ्यातील श्रमविभागणीशी तुलनाही झाली. ही तुलना कितपत ताणावी, हा भाग वेगळा.

या रचनेचा परिणाम थेट जोपासनेवर होतो. बर्ड्स नेस्ट फर्नला वाढीचा बिंदू सहसा एकच असतो. तो कुजला की रोप संपले, आणि त्याची विभागणी करून दुसरे रोप मिळवणेही जमत नाही. नवी रोपे बीजाणूंपासून किंवा ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत रोपाच्या छोट्या तुकड्यापासून) तयार करावी लागतात. वनात पाऊस नेमका याच नरसाळ्यात पडतो, मग कुंडीत तेथे पाणी घालू नये असे का सांगतात? कारण वनात हवा खेळती असते आणि साचलेल्या पाल्यातून पाणी झिरपून जाते, तर बंद खोलीत तेच पाणी गाभ्यात तुंबते. म्हणून पाणी कडेने, कुंडीतील माती-मिश्रणात घालावे आणि मिश्रण सतत किंचित ओलसर ठेवावे. स्टॅगहॉर्नमध्ये धोका विभागलेला असतो. एक रोप गेले तरी वसाहत उरते. त्याला फळीवर शेवाळासह बांधता येते, आणि फळी हातात हलकी लागेपर्यंत थांबून मग चांगले भिजवणे हेच योग्य वेळापत्रक ठरते. रोज थोडे थोडे पाणी घालण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्या हातून तो बहुधा कुजून मरतो.

दोन्ही नेच्यांचे नुकसान बऱ्याचदा तपकिरी रंगाविषयीच्या गैरसमजातून होते. बर्ड्स नेस्टच्या पानाखाली उपशिरांना धरून असलेल्या समांतर तपकिरी रेघा बीजाणुधानींच्या असतात, कीड नव्हे. स्टॅगहॉर्नच्या शिंगांच्या टोकांखालचा मखमली तपकिरी पट्टाही तसाच. त्याच्या वाळलेल्या ढाली सोलून काढणे तर मुळांवरचे पांघरूण ओढून घेण्यासारखे आहे. पाने पुसण्याबाबत मात्र नियम उलटे आहेत: बर्ड्स नेस्टची जून पाने ओल्या फडक्याने खुशाल पुसावीत, स्टॅगहॉर्नची लव धूळ समजून पुसू नये.

प्रकाश व तापमानाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. मंद उजेडात बर्ड्स नेस्ट अधिक चांगला तग धरतो, स्टॅगहॉर्नला भरपूर पण गाळीव प्रकाश हवा. थंडी मात्र स्टॅगहॉर्न अधिक सोसतो, तर बर्ड्स नेस्टला 10 अंश सेल्सिअसच्या खाली नेऊ नये.

खरेदीच्या वेळी आणखी एक बाब तपासावी. ॲस्प्लेनियम निडस म्हणून विकली जाणारी कित्येक रोपे प्रत्यक्षात ॲस्प्लेनियम ऑस्ट्रेलॅसिकम या जवळच्या जातीची असतात. तिच्या मध्यशिरेला पानाच्या खालच्या बाजूने होडीच्या कण्यासारखी ठळक धार असते, निडसची मध्यशीर तेथे गोलसर लागते. ही दुसरी जाती थंडी अधिक सहन करते, त्यामुळे थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्याला ती चुकून मिळाली तर नुकसान नाही. उजेड कमी, जागा टेबलापुरती आणि पाण्याकडे नियमित लक्ष, अशी परिस्थिती असेल तर मी बर्ड्स नेस्टच सुचवेन. उजळ भिंत मोकळी असेल आणि घरचा माणूस अधूनमधून पाणी घालायला विसरत असेल, तर स्टॅगहॉर्न घ्यावा.