लिंक्डइन की व्हॉट्सॲपचे ग्रुप? नोकरी शोधणाऱ्यासाठी आणि माणूस शोधणाऱ्यासाठीही

मी एचआरमध्ये आहे म्हटल्यावर नात्यातली, सोसायटीतली, गावाकडची पोरं हमखास एक प्रश्न विचारतात: लिंक्डइनवर प्रोफाइल बनवू, की नोकरीचे व्हॉट्सॲप ग्रुप पुरेत? त्यांची डिग्री कोणती, यावरून माझं उत्तर ठरत नाही. जी जागा हवी आहे ती भरणारा माणूस उमेदवार कुठे शोधतो, एवढंच बघायचं. चाकणमधल्या आमच्यासारख्या ऑटो कंपोनंटच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर बहुतेक वेळा लिंक्डइनवरून येतो आणि सीएनसी ऑपरेटर (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मशीन चालवणारा) व्हॉट्सॲपवरून. दोघं एकाच गेटमधून आत येतात, एकाच कँटीनला जेवतात, पण त्यांच्या नोकरीची खबर दोन वेगळ्या वाटांनी आलेली असते. आपली वाट कोणती हे न बघता दोन्हीकडे हात मारत बसलं की महिने जातात.

याला अभ्यासाचाही आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त लागते. जिवलगांना जे कळलेलं असतं ते बहुधा आपल्यालाही कळलेलंच असतं. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटी सदस्यांवरचा पाच वर्षांचा अभ्यास छापून आला. ‘यांना तुम्ही ओळखत असाल’ म्हणून सुचवल्या जाणाऱ्या नावांमध्ये फेरफार करून पुढे कोणाला नोकरी लागते ते त्यात तपासलं होतं. जुजबी ओळखी खरंच कामी येतात असं निघालं. मात्र अगदी तोंडओळख नव्हे, मधल्या दर्जाची. आणि मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: हे चित्र डिजिटल कामाच्या क्षेत्रांत दिसलं, जिथे काम कमी डिजिटल, तिथे घट्ट ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या. आमच्या शॉप फ्लोअरवर रोज तेच दिसतं.

लिंक्डइन: पलीकडच्या बाजूने काय दिसतं

लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतलं आणि आज भारतात त्याचे १० कोटींहून जास्त सदस्य आहेत. अमेरिकेखालोखाल आपलाच नंबर. या गर्दीत तुम्ही सापडणार कसे, हा खरा मुद्दा.

रिक्रूटर, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणारा, प्रोफाइल वाचत बसत नाही, आधी शोध घेतो. मी शोधाच्या चौकटीत पदाचं नाव टाकते, सोबत ‘पीपॅप’ (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची पद्धत), ‘सीएमएम’ (पार्टची मापं तपासायचं मशीन) असे कामाचे शब्द, पुणे परिसर, अनुभव चार ते आठ वर्षं. समोर यादी येते: फोटो, नाव, त्याखाली हेडलाइन, सध्याची कंपनी, आधीच्या एक-दोन. एका नावावर नजर थांबते ती काही सेकंदच. हेडलाइनला २२० अक्षरांची जागा असते आणि तिथे बरीच मुलं लिहून ठेवतात, ‘सीकिंग न्यू अपॉर्च्युनिटीज’ किंवा ‘पॅशनेट इंजिनिअर’. हे शब्द टाकून मी आजवर कोणाला शोधलेलं नाही. ‘क्वालिटी इंजिनिअर, ऑटो कंपोनंट, पीपॅप, सीएमएम, पुणे’ एवढं साधं लिहिणारा यादीत वर येतो आणि फोन त्याला जातो. ॲप मराठीत करून वापरता येतं, पण शोध इंग्रजी शब्दांनीच होतो, तेव्हा प्रोफाइल इंग्रजीत हवं. इंग्रजी भारी असायची गरज नाही. मशीनची, सॉफ्टवेअरची, प्रोसेसची नावं तेवढी बिनचूक हवीत.

नोकरीत असताना दुसरी शोधणाऱ्यांची मोठी धास्ती म्हणजे बॉसला कळेल का? ‘ओपन टू वर्क’ दोन तऱ्हांनी लावता येतं. एक म्हणजे फोटोभोवती हिरवी पट्टी, ती सगळ्या जगाला दिसते. दुसरी तऱ्हा फक्त रिक्रूटरना दिसणारी. दुसऱ्या तऱ्हेत तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पक्की हमी देत नाही. शिवाय तुमच्या कंपनीचं काम करणारी कन्सल्टन्सी ते पाहू शकते, आणि पुण्यातल्या कन्सल्टन्सीवाल्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. ज्यांना खरंच गुप्तता हवी त्यांनी ते बटण बंद ठेवून प्रोफाइल फक्त ताजं ठेवावं. नोकरी गेलेलीच असेल, तर मात्र हिरवी पट्टी लावायला लाजू नये. त्याने किंमत कमी होते असं म्हणणारे भेटतात. मी तरी पट्टी बघून कोणाला वगळलेलं नाही. नोटीस पीरियड नसलेला माणूस मिळाला तर आम्हाला हवाच असतो.

फ्रेशरसाठी लिंक्डइन कमी पडतं, हे स्पष्ट सांगायला हवं. ‘ईझी अप्लाय’चं बटण दाबायला काही लागत नाही, म्हणून सगळेच दाबतात. ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ची जाहिरात टाकली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत देशभरातून अर्जांचा ढीग, आणि त्यातले बहुतेक उघडलेही जात नाहीत. रोज शंभर ठिकाणी बटण दाबून आपण खूप प्रयत्न करतोय असं वाटतं, पण तो भासच. त्यापेक्षा आपल्या कॉलेजच्या पानावर ‘ॲल्युमनाय’ उघडा, हव्या त्या कंपनीत दोन-तीन बॅच पुढचे कोण आहेत ते पाहा आणि त्यातल्या दोघा-तिघांना चार ओळी लिहा. ‘सर प्लीज जॉब द्या’ नको. कोणत्या जागेबद्दल विचारताय आणि तुम्हाला काय येतं, तेवढंच. अभ्यासातली ती मधली ओळख हीच. बऱ्याच कंपन्या रेफरलने माणूस आणणाऱ्याला बक्षीस देतात, तेव्हा समोरच्यावर तुम्ही फार मोठा भार टाकत नसता.

रोज पोस्ट टाकायलाच हवी असंही काही नाही. ‘आज रिक्षावाल्याने मला नेतृत्वाचा धडा दिला’ छापाच्या गोष्टींनी लाइक मिळतात, इंटरव्ह्यूचा कॉल येत नाही.

व्हॉट्सॲप: वेग जबरदस्त, पण मेसेज नीट वाचा

‘अर्जंट रिक्वायरमेंट. सीएनसी, व्हीएमसी ऑपरेटर, १० जागा. आयटीआय टर्नर, मशिनिस्ट. फ्रेशर चालेल. पगार १८ ते २२ हजार प्लस ओटी. बस, कँटीन फ्री. जॉइनिंग लगेच. येताना आधार, मार्कशीट, दोन फोटो.’ खाली एक मोबाइल नंबर.

असा मेसेज पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या कोणत्याही ग्रुपवर दिसेल. तो खोटा असतोच असं नाही. पण त्यात काय नाही ते बघा. कंपनीचं नाव नाही. तारीख नाही, म्हणजे गेल्या दिवाळीपासून फिरत असू शकतो. जागा कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडे, तेही नाही. नंबर बहुतेक वेळा ठेकेदाराच्या माणसाचा असतो. फोन केलात की तीन गोष्टी विचारा: पगारपत्रक कोणाच्या नावाने निघणार, सांगितलेला आकडा हातात येणारा की पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा) कापायच्या आधीचा, आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, सिंगल की डबल. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यायचा असा कायदा आहे. ‘आमच्याकडे सिंगलच असतो’ असं बिनधास्त सांगणारे भेटतील, त्यावरून पुढचं ओळखा. ‘आधी या, मग बघू’ असं उत्तर आलं तर गाडीभाडं वाचवा.

व्हॉट्सॲपचं बळ दुसऱ्याच ठिकाणी आहे. आमच्या लाइनवर दोन ऑपरेटर कमी पडले की सुपरवायझर मला मेल करत नाही. तो लाइनवरच्याच एखाद्या चांगल्या पोराला सांगतो, तो आपल्या आयटीआयच्या बॅचच्या ग्रुपवर टाकतो, दुपारी दोघं गेटवर हजर, मशीनवर ट्रायल, आणि बहुतेक वेळा पुढच्या सोमवारी जॉइनिंग. ज्याने आणलं त्याची पत पणाला लागलेली असते, म्हणून तो कोणालाही आणत नाही. लिंक्डइनला हे जमत नाही. तेव्हा ऑपरेटर, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, स्टोअर, डिस्पॅच अशा जागांसाठी बॅचचा, गावाचा, जुन्या कंपनीतल्या मित्रांचा छोटा ग्रुप सोन्यासारखा. ‘पुणे जॉब्स’ नावाचे हजारभर अनोळखी लोकांचे ग्रुप मात्र पन्नास लावून घेतले तरी त्यांतून तोच एक मेसेज पन्नास वेळा येतो.

मोठ्या ग्रुपचा आणखी एक तोटा मुलींना जास्त जाणवतो. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये १०२४ जण असू शकतात आणि तुमचा नंबर त्या सगळ्यांना दिसतो. जॉब ग्रुपमध्ये शिरल्यावर रात्री अकराला ‘हाय’ येणं नवीन नाही. नोकरीसाठी वेगळं सिम ठेवावं आणि ग्रुपवर बायोडेटा टाकूच नये. पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक असलेला तर नाहीच. लिंक्डइनवर आपण दिल्याशिवाय नंबर कोणाला मिळत नाही, हा मोठा फरक.

टेलिग्राम, फेसबुक, नोकरी डॉट कॉम

टेलिग्रामवर सरकारी भरतीच्या जाहिराती लवकर कळतात, तेवढ्यापुरतं ते बरं. जाहिरात मूळ संकेतस्थळावर जाऊन वाचायची. घरबसल्या कामासाठी मात्र तिकडे फिरकू नका. व्हिडिओ लाइक करा, ५० रुपये घ्या, इथून सुरुवात होते. पहिले दोन-चारशे रुपये खरंच खात्यात येतात, मग ‘प्रीपेड टास्क’ म्हणून तुमच्याकडूनच पैसे भरून घेतले जातात आणि आकडा फुगत जातो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम हातची जाते.

परदेशातल्या नोकरीबाबत तर आणखी जपून. आग्नेय आशियात डेटा एंट्रीचं काम म्हणून सोशल मीडियावरून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार, कंबोडियात कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी त्यातल्या ५०० हून अधिक जणांना परत आणलं. रत्नागिरी, रायगडातून आखातात जाणारी मंडळी हे जाणतात, तरी सांगते: एजंट ‘ई-मायग्रेट’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहा, आणि नियमाने तो ३० हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही.

फेसबुकने आपली नोकऱ्यांची सोय भारतात २०२२ मध्येच बंद केली. उरले ते तालुक्याचे, शहराचे ग्रुप. दुकान, हॉटेल, क्लिनिकची रिसेप्शनिस्ट, ड्रायव्हर अशा जवळच्या कामांना ते अजून चालतात. बाकीच्यांनी सोडून दिलं तरी काही बिघडत नाही.

नोकरी डॉट कॉम हे सोशल नेटवर्क नव्हे, १९९७ पासून चाललेलं पोर्टल आहे. पण तुलना त्याच्याशी होणारच. एक ते पाच वर्षं अनुभवाच्या जागांसाठी मी पैसे भरून जो बायोडेटांचा साठा चाळते तो तिथला. नोटीस पीरियड, सध्याचा पगार, अपेक्षा, सगळं रकान्यांत भरलेलं असल्याने गाळणं सोपं जातं. अलीकडे कोणी प्रोफाइल हाताळलं हेही दिसतं, म्हणून आठवड्यातून एकदा काहीतरी बदलून जतन करणारे वर राहतात. लिंक्डइन असलं तरी हे सोडू नका.

माणूस शोधणाऱ्यांसाठी

छोट्या कारखानदाराने किंवा दुकानदाराने लिंक्डइनवर पैसे घालायची घाई करू नये. एक जाहिरात मर्यादेत फुकट टाकता येते. ती टाकताना गाळणीचे प्रश्न जरूर लावा: पुण्यात राहता का, अमुक मशीनवर काम केलंय का. नाहीतर कोइमतूर, कानपूरचे अर्ज वाचण्यातच आठवडा जाईल. पगार लिहा. ‘बेस्ट इन इंडस्ट्री’ लिहिणाऱ्यांकडे चांगली माणसं अर्जच करत नाहीत. व्हॉट्सॲपवर टाकत असाल तर कंपनीचं नाव आणि तारीख लिहा, आणि जागा भरली की तसं कळवा. एवढं करणारे थोडे आहेत, म्हणून त्यांचा पुढचा मेसेज लोक वाचतात.

आता कोणी काय करावं. आयटीआय, डिप्लोमा झालेल्यांनी बॅचचा ग्रुप जिवंत ठेवावा, सोबत राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी करून रोजगार मेळाव्यांच्या तारखा बघाव्यात. नुकत्याच इंजिनिअर, एमबीए झालेल्यांनी नोकरी डॉट कॉम आधी आणि लिंक्डइन फक्त सीनिअरना लिहायला. चार वर्षांपुढचा अनुभव असेल, विशेषतः आयटी, डिझाइन, क्वालिटी, फायनान्समध्ये, तर लिंक्डइनला पहिला मान. मुलांसाठी काही वर्षं घरी राहिलेल्या बायकांनी ती वर्षं लपवू नयेत. लिंक्डइनवर ‘करिअर ब्रेक’ म्हणून वेगळी नोंद करता येते, ती भरावी आणि जुन्या टीममधल्या माणसांना थेट लिहावं, कारण त्यांनी तुमचं काम पाहिलेलं असतं. चाळिशीपुढच्या मॅनेजरना मी प्रोफाइलआधी फोनबुक उघडायला सांगते. त्या पातळीच्या बऱ्याच जागांची जाहिरातच निघत नाही. जुन्या व्हेंडरला, कस्टमरला, मागच्या बॉसला ती आधी कळते.