बोल्ट ॲक्शन पीसीपी आणि ३२०० चा स्कोप: दहा महिने वापरल्यावरचा अनुभव

बंदूक (पीसीपी, म्हणजे पंपाने आधी दाबाची हवा भरून ठेवायची छर्ऱ्याची बंदूक) ऑक्टोबर २०२४ ला घेतली. दहा महिने झाले, साडेपाच हजार छर्रे तरी मारून झालेत. लिहायला आत्ता बसलो कारण परवा एका मित्राचा फोन आला, चाळीस हजारात बोल्ट ॲक्शन आणि स्कोप दोन्ही बसतंय का म्हणून, आणि तो अगदी तोच स्कोप घ्यायला निघालेला जो मी घेतला होता. "नऊ पट झूम येतंय की बे, अजून काय पाहिजे" म्हणाला. मी पण ऑक्टोबरात हेच म्हणत होतो.

बंदुकीचे आकडे लिहीत बसत नाही, सगळ्यांना माहितीयेत. .१७७ ची देशी सिंगल शॉट पीसीपी, बोल्ट मागे, रेग्युलेटर (प्रत्येक छर्ऱ्याला हवेचा दाब सारखा ठेवणारा) नाही, स्टॉक (दस्ता) लाकडी. ताकद २० जूलच्या आत आणि बोअर .१७७ इंचापर्यंत असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही. तरी बिल आणि ओळखपत्राची झेरॉक्स मी कव्हरमध्येच ठेवतो. मित्राने क्रोनो (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) आणला होता तेव्हा ८.४४ ग्रेनचा छर्रा सेकंदाला २५० मीटरच्या आसपास गेला, म्हणजे सतरा जूल. मला तेवढं भरपूर आहे. लायसन्सवाली ३१५ बोअरची रायफल हा वेगळा विषय, तिचं लायसन्स, काडतुसं आणि मारायला जागा, तिन्ही माझ्या आवाक्यातलं नाही, त्यामुळे त्याबद्दल विचारू नका.

बजेट चाळीस हजार ठरलेलं. टॉवेलच्या कारखान्यात लूम मेंटेनन्सला आहे मी, दिवाळीचा बोनस आणि भिशीचे पैसे मिळून तेवढेच होते, त्याच्या वर एक रुपया नाही असं घरी सांगितलेलं. बंदूक २७,५००, हातपंप ८,२०० आणि स्कोप ३,२००, झाले ३८,९००, उरलेल्यात छर्ऱ्याचे दोन डबे. पंपाचा खर्च खूप जण धरतच नाहीत आणि मग बंदूक घरात पडून राहते, तो आधी धरा. स्कोपला मात्र जे उरलं ते दिलं, हीच चूक झाली.

मुळात हे सगळं मुलीमुळे. ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, आपल्या कोल्हापूरकडचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला पोरगा, आणि मुलगी (नववीत आहे) डोक्यात घेऊन बसली की मला रायफल पाहिजे. इथे एक गोष्ट मला आधी कोणी सांगायला पाहिजे होती. दहा मीटरच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, पीप साईट (काचेशिवायची, बारीक भोकातून बघायची) असते, मुलांना खेळायला घालायचं असेल तर ही बंदूक घेऊच नका, क्लबला पाठवा, तिथे क्लबची रायफल मिळते. ती आता तसंच करते. ही बंदूक रविवारी मोहोळकडच्या काकांच्या शेतात, विहिरीजवळच्या मातीच्या बांधावर २५ मीटरला, आणि घरी गच्चीवर दहा मीटरला.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबर, डिसेंबर दोन महिने २५ मीटरला माझा ग्रुप (पाच छर्ऱ्यांच्या भोकांचा पसारा) तीस मिलिमीटरच्या आत आलाच नाही. वाळूच्या पिशवीवर ठेवून, वारा पडलेला असताना, सकाळी सात वाजता. पाच छर्रे मारायचे, तीन एकाला एक चिकटून आणि दोन कुठेतरी डावीकडे. दुकानदाराला फोन केला तर म्हणे छर्रा बदला. चार कंपन्यांचे छर्रे आणले. मग म्हणे बॅरल साफ करा, केलं. मग म्हणे बंदूक पाठवा. कुरिअरवाले एअरगन म्हटल्यावर हातच लावेनात, शेवटी ट्रान्सपोर्टने पाठवली, जाऊन येऊन ११५० रुपये माझ्याच खिशातून. दोन आठवडे सांगितलेले, पाच लागले, मधे फोन उचलायचे नाहीत. परत आली तेव्हा बरोबर एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर पाच भोकं आणि पेनने लिहिलेलं, २५ मीटर, १२ मिमी. मला खोटं वाटलं, लई चिडलो, फोनवर नको ते बोललो. तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार दिला असता आणि तो अन्याय झाला असता, कारण कार्ड खरं होतं.

पहिली शंका गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, आली. जानेवारीत बंदूक तिकडे अडकलेली, आम्ही होम मैदानावर यात्रेत गेलो, तिथे फुग्याच्या स्टॉलवर मुलीने घासून घासून चकचकीत झालेल्या बंदुकीने दहापैकी आठ फुगे फोडले. साध्या साईटवर. येताना म्हणाली, पप्पा, आपल्या स्कोपमधून बघताना मान हलली की नेमाची फुली हलते, इथे तसं होत नाही. मी त्यावेळी लक्ष दिलं नाही.

बंदूक परत आल्यावर तेच करून बघितलं. पिशव्यांमध्ये बंदूक घट्ट दाबून बसवली, हात काढून घेतला, आणि फक्त डोकं थोडं डावी-उजवीकडे नेत स्कोपमधून बघितलं. बंदूक जागची हलली नाही आणि फुली मात्र कागदावर काळ्या गोलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत होती. दहा मिनिटं मी तिथे तेच बघत बसलो.

याला पॅरॅलॅक्स म्हणतात. स्कोपच्या आत चित्र आणि फुली एकाच पातळीवर असतील तर डोळा कुठेही असो फुली हलत नाही, पण ते फक्त एकाच अंतरावर जुळलेलं असतं. माझा स्कोप मोठ्या रायफलसाठी बनवलेला, कारखान्यातूनच १०० यार्डाला जुळवलेला, आणि मी मारत होतो २५ मीटरला. गणित मांडून बघितलं, ४० मिमीची पुढची काच, डोळा अगदी कडेला गेला तर २५ मीटरवर एका बाजूला १४ मिमीपर्यंत चूक होऊ शकते. दोन्ही बाजू धरल्या तर २८. आणि माझा ग्रुप होता तीसचा! म्हणजे दोन महिने जी चूक मी बॅरलमध्ये शोधत होतो ती माझ्या गालाच्या जागेत होती, प्रत्येक वेळी गाल स्टॉकवर थोडा वेगळा टेकत होता एवढंच. दहा मीटरला तर याहून जास्त फरक पडतो, आणि नऊ पटीवर दहा मीटरचा कागद धुकट दिसायचा तो वेगळा. त्या धुकट चित्रालाच मी काचेची क्वालिटी म्हणत होतो.

राग याचा येतो की स्कोप त्याच दुकानदाराने विकलेला. "एअर रायफलसोबत चालतो" म्हणून. छर्रा विचारला, बॅरल विचारलं, बंदूक मागवून घेतली, आणि स्कोप किती यार्डाला सेट आहे हे पाच महिन्यांत एकदाही विचारलं नाही. त्यांच्या मेकॅनिकने कार्डावर बारा मिमी काढले तेव्हा नक्कीच दुसरा स्कोप लावला असणार, तेवढं एक वाक्य कार्डावर लिहिलं असतं तर माझा घोळ तिथेच मिटला असता.

नवीन स्कोपला पैसे नव्हते. आधी पुठ्ठ्याची चकती कापली, मधे २० मिमीचं भोक, पुढच्या काचेवर बसवली. चित्र थोडं अंधारलं पण ग्रुप वीसवर आला, फुकटात. हे ज्याला पैसे घालायचे नाहीत त्याने आजच करून बघा. मग पुढच्या काचेची लॉक रिंग सोडवून काच थोडी बाहेर फिरवली, अशा स्वस्त स्कोपमध्ये ती फिरते, बाहेर आली की फोकस जवळ येतो. पाव-पाव आटा फिरवत २५ मीटरला चित्र स्वच्छ आणलं. मार्चमध्ये पहिल्यांदा १४ मिमीचा ग्रुप बसला, मी ते कार्ड दुकानदाराच्या कार्डाशेजारी लावून ठेवलंय. पण रिंग उघडली की आतला कोरडा गॅस जातो. जूनचा पहिला पाऊस झाला आणि काचेच्या आतून वाफ धरली, ती आजवर गेली नाही.

जुलैत शेवटी ६,४०० चा घेतला, ४ ते १२ पटीचा, पुढे फिरवायची फोकस रिंग असलेला, दहा यार्डापासून पुढे. आता आधी अंतर बघून रिंग फिरवायची आणि मग मारायचं. चित्र इतकं स्वच्छ की २५ मीटरला आधीच्या छर्ऱ्याच्या भोकाची फाटलेली किनार दिसते. बारा पट मी वापरतच नाही, आठवर ठेवतो. झूमचा आकडा मोठा दिसतो म्हणून पैसे देऊ नका, सर्वात जवळचा फोकस किती यार्डाचा ते विचारा आणि तो दहा यार्ड असेल तरच घ्या, माझ्या मते बाकी सगळं दुय्यम.

स्कोप बंदुकीवर पकडणाऱ्या रिंगांचं पण सांगतो. फुकट आलेल्या बुटक्या रिंगांवर स्कोप बरोबर लोडिंग ट्रेच्या डोक्यावर बसतो. बोल्ट मागे ओढला की हॅमर (हवेचा व्हॉल्व ठोकून उघडणारा) कॉक होतो, छर्रा ट्रेवर ठेवायचा, बोल्ट पुढे ढकलला की छर्रा बॅरलमध्ये जातो, इतकं सोपं काम, पण माझी लूमवर काम करून जाड झालेली बोटं त्या फटीत जायचीच नाहीत. मुलीची जातात. मी घरातला भुवयांचा चिमटा वापरत होतो, छर्रा उलटा पडायचा, त्याचा स्कर्ट (मागची पातळ कड) वाकायचा. ९०० रुपयांच्या उंच रिंगा लावल्यावर प्रश्न संपला. फक्त स्कोप उंच झाल्यामुळे २५ ला झिरो केलेली (तिथे नेम जुळवलेली) बंदूक दहा मीटरला दोनेक सेंटीमीटर खाली मारते, ते लक्षात ठेवायचं. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक दहा मीटरला ०.७ मिमीच सरकवतो, एक इंच हलवायला पस्तीस क्लिक लागतात, टरेट (नेम सरकवायची गुंडी) खराब आहे असं समजू नका.

बोल्टबद्दल माझं मत बदललं. सुरुवातीला कडक वाटायचा, साइड लिव्हरवाली (बोल्टऐवजी बाजूला दांडी असलेली) घ्यायला पाहिजे होती असं वाटायचं. हजारेक छर्ऱ्यांनंतर तो असा मऊ झाला की आता आवडतो. एकच सवय लावा, लोड केलं की मारा, न मारता बोल्ट परत ओढला तर आधीचा छर्रा बॅरलमध्येच राहतो आणि दुसरा त्याच्या मागे जातो. आमच्याकडे एकदा झालंय.

हवा २०० बारपर्यंत भरायची गरज नाही. रेग्युलेटर नसल्यामुळे २०० ला पहिले सात-आठ छर्रे उलट हळू जातात, कारण दाब जास्त असला की हॅमरला व्हॉल्व पुरता उघडत नाही. मी १८० ला थांबतो आणि ११० पर्यंत पस्तीस छर्रे एकसारखे मिळतात, पंपाचे हात पण कमी. आपल्या एप्रिल-मेच्या ४२-४३ डिग्रीत भरलेली बंदूक गाडीत ठेवू नका. २५ वरून ४५ डिग्रीला गेली की १८० चे १९२ होतात.

मेमध्ये रात्रीत १८० चे १५० व्हायला लागले. साबणाचं पाणी लावलं, फिलिंगच्या तोंडाशी बुडबुडे. दुकानदार म्हणे पाठवा. मी नाही पाठवली. हवा पूर्ण सोडून (हे आधी, पाना नंतर), तिथली रबरी ओ-रिंग काढून अक्कलकोट रोड एमआयडीसीत हायड्रॉलिक सीलच्या दुकानात नेली. तिथल्या अण्णांनी व्हर्नियर लावला, नखाने दाबून बघितलं, "नायट्राईल, नव्वद शोअर घे, मऊ घेऊ नको" म्हणाले आणि पाच नग साठ रुपयाला दिले. त्यातला पहिलाच अजून चालू आहे. वर सिलिकॉन ग्रीसच लावा, मशीनचं तेल किंवा ग्रीस अजिबात नको, दाबाच्या हवेत तेल पेट घेतं.

छर्रे अडवायला लाकडी पेटीत मागे लोखंडी पत्रा आणि पुढे टॉवेलचे कटपीस ठासून भरलेत, कारखान्यातला वेस्ट, छर्रा आतच राहतो. शिसं आहे, मारून झालं की साबणाने हात धुवून मगच डबा उघडायचा. आणि पाखरावर कोणी नेम धरायचा नाही, आमच्या शेतात भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच तालुक्यात असताना ते करवत पण नाही.

हिशोब केला तर आधीच ६,४०० चा स्कोप आणि उंच रिंगा घेतल्या असत्या तर जुना स्कोप आणि ट्रान्सपोर्ट मिळून ४,३५० वाचले असते. बंदुकीत तीन हजार कमी घालून स्कोपला दिले असते तरी चाललं असतं, स्टॉक प्लास्टिकचा आला असता एवढंच.

मागच्या रविवारी नवीन स्कोपने २५ मीटरला पाच छर्रे, ११ मिमी. फोटो काढून दुकानदाराला पाठवला, मग फोन केला, यावेळी भांडलो नाही. एवढंच म्हटलं की साहेब, स्कोप विकताना गिऱ्हाईकाला किती मीटरवर मारणार ते विचारत जा आणि बिलावर लिहीत जा. हो म्हणालेत. मित्राला तिथेच पाठवतोय, बिलावर काय लिहून येतंय ते बघून इथे टाकतो.